नव्वद खुर्च्या आणि ठरलेला शनिवार

जळगावात एका जुन्या गोदामाच्या जागेत नव्वद खुर्च्यांचा छोटा स्टुडिओ-मंच उभा राहिला आणि त्याने श्रावणापासून मार्चपर्यंतच्या प्रयोगांची यादी दारावर लावली. महिन्यातले दोन शनिवार, संध्याकाळी सहा वाजता. कथकचं एकल सादरीकरण, खानदेशच्या अहिराणी बोलीतली एकांकिका, डफाच्या ठेक्यावर कथा सांगणारं वहीगायन, पुण्याहून येणारं दोन पात्रांचं नाटक, दिवाळीच्या सुटीत बालनाट्य. तिकीट शंभर रुपये. एवढ्याशा यादीवरून शहरात जो वाद पेटला आहे, तो फार वाईट पद्धतीने चालला आहे. कुणी म्हणतं, खानदेशात प्रेक्षकच नाही, नव्वद खुर्च्यासुद्धा भरणार नाहीत. कुणी म्हणतं, प्रेक्षक आहे पण त्याच्या योग्यतेची जागा नाही. आणखी कुणी विचारतं, एवढं मोठं नाट्यगृह बांधलेलं असताना हा वेगळा संसार कशाला? सगळे जागेबद्दल भांडताहेत, यादीकडे कुणाचं लक्षच नाही. माझ्या मते त्या दारावरची सगळ्यात मोलाची वस्तू ती यादीच आहे. खानदेशातल्या नाटकाला आणि नाचाला आज इमारतीपेक्षा ठरलेल्या तारखेची गरज जास्त आहे, आणि तारीख वर्षभर न चुकता पाळणं छोट्या जागेलाच परवडतं.

प्रेक्षक नाही म्हणणाऱ्यांचं सगळंच खोटं नाही. मालिकांमधले ओळखीचे चेहरे घेऊन मुंबईचं नाटक येतं तेव्हा सभागृह भरतं, पण त्यातले बरेच जण पासवर आलेले असतात, आणि पास मिळाला नाही म्हणून रुसणारा माणूस तिकीट मात्र काढत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जळगाव केंद्रावर आपल्याकडचे संघ उतरतात. नोकरी, दुकान, शेती सांभाळून कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर शाळेच्या वर्गात महिनोन्‌महिने तालमी करतात. प्रयोग एक. समोर बसतात ती दुसऱ्या संघांची मंडळी, नातेवाईक आणि परीक्षक. पडदा पडला की नेपथ्य टेम्पोत आणि संहिता कपाटात. हे पाहून ‘इथं रसिकच नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारावं: त्या नाटकाचा दुसरा प्रयोग कधी होता? नव्हताच. पहिल्या प्रयोगाची तारीफ ज्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऐकली, त्याला जायला तारीखच नव्हती. नाटक तोंडोतोंडी पसरतं, आणि त्याला पुढची तारीख माहीत असावी लागते. आठवडे बाजाराला गिऱ्हाईक कुणी निमंत्रण देऊन आणत नाही. वार ठरलेला असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या चुकलेला नसतो, म्हणून माणूस पिशवी घेऊन घराबाहेर पडतो. प्रेक्षकही असाच बाहेर पडतो. आधी प्रेक्षक तयार असू द्या, मग प्रयोग लावू, असं म्हणणाऱ्यांना तो कधीच भेटणार नाही.

इतिहासात याचे दाखले आहेत. १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेतलं सभागृह ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेला प्रयोगांसाठी मिळालं. शाळेचाच हॉल तो, नाट्यगृहाच्या सोयी त्यात कुठून असणार? पण तिथं काहीतरी चालू असतं हे लोकांना ठाऊक झालं, आणि आज मराठी प्रायोगिक रंगभूमीची गोष्ट सांगताना त्या शाळेचं नाव घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मुंबईत तेव्हा मोठी नाट्यगृहं नव्हती का? होती. मग तरुण लेखकांना आणि नटांना ती का पुरली नाहीत? कारण मोठ्या सभागृहाचं भाडं भरणारा माणूस चुकायला घाबरतो, आणि जिथं चुकायची मुभा नाही तिथं नवं काही घडत नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उघडलं, तेही दोनशेच्या आसपास खुर्च्यांचं. त्याची ताकद कशात आहे? सोमवार सोडला तर गेलं की काहीतरी पाहायला मिळतं, या भरवशात. छबिलदासच्या गोष्टीला एक उत्तरार्धही आहे, तो आपल्या मंडळींनी विसरू नये. पुढे ती जागा सुटली आणि ‘आविष्कार’ला माहीमच्या महापालिका शाळेत जावं लागलं. परक्या जागेवर उभी राहिलेली चळवळ जागामालकाच्या मर्जीवर असते. गोदामाचा करार किती वर्षांचा आहे, हे मला त्या यादीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

यावर उत्तर येतं की ती मुंबई, तिथं काहीही चालतं. ठीक आहे, मुंबई सोडून देऊ. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. सुपारीच्या बागांचा मुलूख. १९४९ मध्ये तिथल्या मंडळींनी ‘नीनासम’ ही संस्था काढली आणि के. व्ही. सुब्बण्णांनी ती वाढवली. १९८० मध्ये तिथं नाट्यशिक्षण सुरू झालं, १९८५ पासून त्यांची फिरती मंडळी ‘तिरुगाट’ दरवर्षी नाटकं घेऊन कर्नाटकभर हिंडू लागली. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याहून मला मोठं वाटतं ते हे की सुपारी पिकवणाऱ्या माणसाला आपल्या गावात, आपल्या भाषेत जगभरची नाटकं पाहण्याची सवय लागली. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या पुढे होती. एका खेड्याला जे जमलं ते साडेचार लाखांच्या शहराला पंधरा दिवसांतून एकदा, नव्वद माणसांपुरतंही जमणार नाही? असं म्हणणारा माणूस आपल्या शहराबद्दल आधीच हार मानून बसलेला आहे.

आता मोठ्या नाट्यगृहाचा मुद्दा. लोकांच्या पैशातून वास्तू उभी राहिली, तिथं ध्वनी आहे, प्रकाश आहे, गार हवा आहे, मग कार्यक्रम तिथंच व्हावेत, हे म्हणणं रास्त आहे. सार्वजनिक नाट्यगृह ओस ठेवणं हा गुन्हाच मानायला हवा. पण हजारभर खुर्च्यांच्या सभागृहात दीडशे माणसं बसली की काय होतं ते नटांना विचारा. विनोदावर एक जण हसतो, एकटा पडतो आणि पुढच्या विनोदाला गप्प राहतो. बाकीचे मागे वळून रिकाम्या रांगा पाहतात आणि आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं धरून चालतात. तेच दीडशे लोक दोन शनिवारांत वाटले, तर छोटी जागा दोन्ही दिवस भरल्यासारखी दिसते. पैशाचं बघायचं तर समजा ऐंशी तिकिटं गेली, म्हणजे आठ हजार रुपये. नाटक-नृत्याच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यामुळे त्या आठ हजारांतून करापोटी काही जात नाही. यात बारा माणसांचा संच आणि नेपथ्याचा ट्रक बसणार नाही, हे उघड आहे. दोन नट, एक वादक, मोजके दिवे, एवढंच बसतं. टीकाकार म्हणतात, हे गरिबीचं नाटक झालं. मला या अटीत तोटा दिसत नाही. बंगाली नाटककार बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात कलकत्त्यात नेपथ्य, पडदा, उंच मंच एकेक करून टाकून दिले, कारण नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर त्यांना सोसत नव्हतं. आणि आपल्या तमाशाने तरी हे अंतर कधी ठेवलं होतं? सोंगाड्या समोरच्या माणसाच्या पागोट्यावर जागच्या जागी कोटी करत होता, ती समोरचा माणूस हाताच्या अंतरावर होता म्हणूनच.

या सगळ्या वादात नृत्याचं नाव कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, कुठंही संध्याकाळी फिरा, एखाद्या माडीवरून ता-थै-थै-तत् कानावर येतं. मुली सात-आठ वर्षांच्या असताना क्लासला येतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत जातात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. दहावीचं वर्ष आलं की बऱ्याच जणी गळतात, उरलेल्यांतली एखादी विशारद होते. आणि पुढे? प्रमाणपत्राला चौकट होते. नाचायला मिळतं ते गणेशोत्सवात, दहा मिनिटं, मंचाच्या कडेला पाहुण्यांचे सत्कार चाललेले असताना. जिने दहा वर्षं घाम गाळला तिला तासभर एकटीने उभं राहायला आपण जागा दिली नाही, आणि वर म्हणतो की मुली लग्न झालं की नाच सोडून देतात. धरून ठेवावं असं आपण त्यांच्या हातात काय दिलं होतं?

त्या गोदामात गेलो तेव्हा मी आधी जमीन पाहिली. सिमेंटवर आडव्या पट्ट्या टाकून, चार बोटं पोकळी सोडून वर लाकडी फळ्या बसवल्या आहेत. ज्याने हे करून घेतलं त्याला नाच कळतो. कडक फरशीवर वर्षानुवर्षं तत्कार, म्हणजे पायांनी ताल धरण्याचा रियाज, करणाऱ्या मुलींच्या टाचा आणि पोटऱ्या ऐन विशीत दुखू लागतात, आणि फरशी पायाचा आवाजही खाते. तालीम चालू होती. मुलगी पढंत करत होती, हातावर ताल, तोंडाने बोल, आणि मग तेच बोल पायांत. पहिल्या रांगेपासून तिचे पाय जेमतेम सहा फुटांवर. तिहाईचा, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायच्या बोलाचा, शेवटचा ‘धा’ समेच्या, तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित अलीकडे पडला. तबलजीने नुसती मान हलवली, ती हसली, तुकडा पुन्हा घेतला आणि या वेळी नेमकी समेवर उतरली. माइक नव्हता, तरी डाव्या आणि उजव्या पायाच्या घुंगरांचा आवाज वेगवेगळा कळत होता. मोठ्या सभागृहात विसाव्या रांगेतून काय दिसतं? पोशाख आणि गिरक्या. प्रेक्षकाला तिहाई कळत नाही असं आपण म्हणतो, पण त्याला ती एवढ्या जवळून कधी दाखवली? कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत तरी कथक कुणाच्या ओळखीचं होतं? बघत-बघत, समजावून घेत-घेत तिथं जाणकार तयार झाले. आपल्याकडे शिकवणारे आहेत, शिकणाऱ्या आहेत, बघण्याची सोय तेवढी नव्हती.

मात्र एका आक्षेपाला उत्तर देताना आवाज चढवून भागत नाही. खानदेशची कला उघड्यावरची आहे, असं काही मंडळी म्हणतात. जत्रेतला तमाशा, रात्र जागवणारं वहीगायन, श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी, अखाजीचे म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके, मुलींच्या गाण्यांची गुलाबाई, सातपुड्यातली होळी. तिथं दार नाही आणि दारावर माणूस नाही. बंद खोलीतल्या नव्वद खुर्च्या ही शहरातल्या शिकलेल्या, सुस्थितीतल्या, बहुतेक वेळा वरच्या जातींच्या लोकांची हौस, आणि तिला खानदेशची रंगभूमी म्हणणं म्हणजे बाकीच्यांना पुसून टाकणं. या बोलण्यात तथ्य आहे. छबिलदासचा प्रेक्षकही बराचसा मध्यमवर्गीयच होता. शंभर रुपये म्हणजे काय, हे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला विचारलं तर तिचं उत्तर माझ्या उत्तरासारखं असणार नाही. शिवाय नाट्यगृहाचं दार उघडं असलं तरी आपण आत शोभत नाही असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी ते बंदच असतं.

हे सगळं मान्य करूनही मला विचारावंसं वाटतं की उघड्यावर आज काय उरलं आहे? कानबाईच्या मिरवणुकीत डीजे लागला की बायकांच्या तोंडची गाणी बुडतात, आणि ती गाणी पाठ असलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या. वहीगायनात नुसता डफाचा ठेका नाही, त्यात कथा आहे, आणि कथा ऐकायला शांतता लागते. मैदानावर भोंगे चालू असताना वहीची पार्टी गाते ती पुढच्या चार रांगांसाठीच. तिला छोट्या जागेत बसवलं तर कुठल्या कला-परंपरेचा अपमान होतो? अहिराणीचं दुखणं आणखी वेगळं. यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ लाखो लोक पाहतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मंचावर अहिराणी आली की तिने हसवलंच पाहिजे आणि मोठ्याने बोललंच पाहिजे, असा दंडक पडून गेला आहे. ही भाषा बोलणारी माणसं कर्ज लपवतात, पोरीला सासरी धाडतात, मेलेल्या भावाच्या घरी जाऊन मुकाट बसतात. हे कुठल्या भाषेत होतं? ‘माय, मी चालनी’ एवढंच वाक्य एखाद्या नटीने दारात पाठमोरी उभं राहून हलक्या आवाजात म्हटलं, तर मैदानात ते कुणाला ऐकू येणार नाही. माइकवर ओरडून म्हटलं तर त्यातलं मरण निघून जाईल. नव्वद माणसांत ते शेवटच्या खुर्चीपर्यंत जातं. अहिराणीला हलक्या आवाजात बोलता येतं, हे तिच्याच लेकरांना कळण्यासाठी मला ही खोली हवी आहे.

म्हणून या मंचाकडून माझी मागणी कडक आहे. वहीच्या पार्टीला मानधन पुण्याच्या नटांइतकंच द्यावं, यादीत नाव तेवढ्याच अक्षरांत छापावं, आणि उद्घाटनापुरतं बोलावून नारळ-शाल देऊन वाटेला लावू नये. उलट सगळंच खोलीत आणायचा मोहही टाळावा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी, तिथली बावा आणि बुध्या ही सोंगं घेऊन नाचणारी माणसं, त्यांनी पाळलेली व्रतं, हे त्या डोंगराचं आणि त्या लोकांचं आहे. त्यातला तुकडा कापून शनिवारी सहा वाजता दिव्याखाली ठेवू नये. ज्याला पाहायचं आहे त्याने तिकडे जावं.

‘इथं गुणी माणूस टिकत नाही’ हे आपण इतक्या सहज बोलतो की त्यातलं दुःखच झिजून गेलं आहे. नारायण राजहंस नावाचा मुलगा जळगावात राहून शिकला, मेहबूबखाँकडे त्याने गाण्याची तालीम घेतली, आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत जाऊन तो बालगंधर्व झाला. शाहीर साबळे लहानपणी अमळनेरला आजोळी शिकत होते, साने गुरुजींचा सहवास त्यांना तिथंच लाभला, आणि त्यांचं काम उभं राहिलं मुंबईत. ते गेले याबद्दल तक्रार नाही, तेव्हा जाणंच भाग होतं. पण आजच्या मुलाने पहिलं नाटक करण्याआधीच गाडी धरावी का? पाच-सात प्रयोग आपल्या माणसांसमोर पडून-धडपडून करून मग तो पुण्याला गेला, तर तो तिथं उमेदवारी मागायला जाणार नाही, स्वतःचं काही घेऊन जाईल.

सुरक्षिततेवरून जे बोललं जातं ते तंतोतंत खरं आहे आणि त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू काही तासांत गेली. गोदामात लाकडी जमीन, काळे पडदे आणि तापणारे दिवे एकत्र असतात. बाहेर उघडणारी दोन दारं, नवी वायरिंग, अग्निशमनची तपासणी, हे झाल्याशिवाय पहिलं तिकीट फाडू नये. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेसाठीचं प्रमाणपत्र आणि पोलिसांची परवानगी यांचंही तेच. छोटी जागा आहे म्हणून नियम छोटे होत नाहीत.

यादी बारकाईने पाहिली तर तिच्यात इथली जाण दिसते, आणि काही चुकाही. एप्रिल-मे कोरे ठेवले आहेत, ते योग्यच. पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा पत्र्याखाली ना नट उभा राहील ना प्रेक्षक बसेल. सहाची वेळ मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. भुसावळ, पाचोरा, अमळनेरहून येणाऱ्याला परतीची गाडी किंवा एसटी गाठायची असते, आणि पुण्या-मुंबईसारखं साडेनऊला सुरू केलेलं नाटक त्याला पाहताच येत नाही. पण श्रावणातला पहिला प्रयोग नागपंचमीनंतरच्या रविवारच्या आदल्या दिवशी ठेवला आहे. त्या रविवारी घराघरांत कानबाई बसते, आदल्या दिवशी दळण-कांडण, पुरण-रोट यांची घाई असते. त्या शनिवारी कुठली बाई नाटकाला येईल? ती तारीख आठवडाभर पुढे न्यावी. पेरणीचे दिवस, कापसाची वेचणी, यात्रा, लग्नसराई यांचं भान ठेवून तारखा लावल्या तर तालुक्यातला माणूस येईल, नाहीतर शहरातल्या दोन-चार कॉलन्यांची मंडळीच एकमेकांना भेटत राहतील.

राहिला तिकिटाचा प्रश्न. माझे काही मित्र म्हणतात, पहिलं वर्ष फुकट ठेवा, लोकांना चटक लागू द्या. मला हे पटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिला खेळ केला तो चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला, आणि भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. मराठी नाटक राजाच्या पदरातून सुटून तिकिटावर आलं तेव्हाच ते सगळ्यांचं झालं. तंबूतला तमाशाही तिकिटावरच जगला, आणि ते तिकीट काढणारे हमाल, सालदार, मजूर होते. तेव्हा गरीब माणूस कलेसाठी पैसे देत नाही हे खरं नाही. फुकट पाहणारा माणूस पाऊस आला की घरी बसतो, आणि नाटक आवडलं नाही तर तक्रारही करत नाही. मला तक्रार करणारा प्रेक्षक हवा आहे. मात्र शंभराचा एकच दर ठेवू नये. विद्यार्थ्यांना तीस रुपये असावेत, आणि प्रत्येक प्रयोगाच्या दहा खुर्च्या शाळांमार्फत वस्तीतल्या मुलांना द्याव्यात, ज्यांचे पैसे गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याने आपलं नाव न लावता भरावेत. वर्षाची जमा, खर्च, कुणाला किती मानधन दिलं, किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या, हे मार्चअखेर त्याच दारावर लावावं. पुढच्या हंगामाचं भांडण तो कागद समोर ठेवून करू, आणि त्यासाठीही वार आधी कळवावा.